मालिनीच्या घरची ऊब

आसावरीला शेजारच्या मालिनीचा हेवा वाटायला लागला तो विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपामुळे, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या त्यांच्या गल्लीत गॅसची जोडणी तोडून टाकणारं मालिनीचं पहिलं घर. मीटरसुद्धा काढून नेलं. नंतर तिच्याकडे झालेल्या पॉटलकला, आपापला पदार्थ घेऊन, जो येईल त्याला ती अंगणातलं बाहेरचं युनिट दाखवत होती, नवीन सून दाखवावी तसं.

ते एक वेळ चाललं असतं. पण आसावरीची सावनी, अकरावीतली, शाळेच्या क्लायमेट क्लबमधली, अभ्यासाला रोज मालिनीकडेच जायला लागली. आपल्याकडचा घर तापवणारा गॅसचा फर्नेस सुरू झाला की बेसमेंटमधून जो धडधडाट येई, त्याची तिला लाज वाटे. "मावशीकडे इट्स सो क्वाएट, आई," ती म्हणायची. हे असलं कौतुक आपल्या वाट्याला कधी आलेलं आसावरीला आठवत नव्हतं.

फर्नेस जुना झालाच होता. तिचा नवरा ऋषी म्हणत होता, अजून दोन हिवाळे काढेल. आसावरीने त्याला काढू दिले नाहीत. दिवाळीच्या आत हीट पंप बसला, फर्नेस गेला, आणि सावनीने नव्या पंपाचा फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकला. आसावरीने तो मालिनीलाही पाठवला.

मग थंडी पडली. सकाळी घर गारठलेलं असे आणि दुपारपर्यंत तसंच राही. पंप सारखा चालू, तरी सावनी जेवायच्या टेबलाशी जॅकेट घालून. शाळेतून आली की दप्तर उचलून पुन्हा मालिनीकडे. आसावरीची खात्री पटली, मालिनीने भारीतलं मॉडेल घेतलंय आणि आपल्याला सांगितलं नाही. जानेवारीत कडाक्याच्या थंडीमुळे शाळा बंद ठेवली तेव्हा सावनीने विचारलं, आज मावशीकडेच झोपू का?

आसावरी उठली, डब्यात तिळाच्या वड्या घातल्या आणि संक्रांतीचं निमित्त करून स्वतःच मालिनीकडे गेली. आत सगळीकडे सारखी ऊब होती. वड्या देता देता ती भिंतीवरचा थर्मोस्टॅट पाहून आली. अडुसष्ट फॅरनहाइट. तिच्याकडेही अडुसष्टच लावलेला असे.

"रात्री कितीवर ठेवतेस?" शेवटी तिने विचारलंच.

"रात्री? तेवढाच. मी त्याला हातच लावत नाही."

 आसावरी रोज झोपताना आपला थर्मोस्टॅट साठावर आणायची. घराबाहेर पडताना पंखा-दिवा बंद करायचा, तसंच. पांघरुणात असताना घर कशाला तापवायचं? फर्नेस होता तेव्हा सकाळी अर्ध्या तासात सगळं गरम व्हायचं.

"अगं, हा हळूहळू ऊब देतो," मालिनी हसत म्हणाली. "रात्री गार करून सकाळी पळवशील, तर कसा पळेल? वर त्याच्या मदतीला आतली विजेची कॉइल पेटते, ती वीज वेगळीच खाते. आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं."

हे तिने पॉटलकलाच का सांगितलं नाही, असं आसावरीच्या ओठांवर आलं होतं. तिने वडीचा तुकडा तोंडात टाकला.

दोन दिवसांत आसावरीचं घर उबदार झालं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असतानाही सावनी घरात टी-शर्टवर फिरायला लागली. आणि चार वाजता दप्तर उचलून मालिनीकडे निघाली.

"आता कशाला?" आसावरी दारातच उभी राहिली. "आता इथेही गरम आहे."

"आय नो, आई." सावनी बूट घालत होती. "तिकडे कोणी दर पाच मिनिटांनी येऊन काय चाललंय ते विचारत नाही, बस."

दार लागलं. आसावरीला वाटलं, आत्ता मालिनीला फोन करावा आणि सांगावं, माझी मुलगी परत पाठव. फोन हातात घेतलाही. मग तो ओट्यावर ठेवून तिने कणीक मळायला घेतली.

सावनी जेवायला परतली. कॉलेजच्या अर्जाबद्दल तिची तीच बोलायला लागली, तिला घरापासून लांब जायचं होतं. आसावरीच्या मनात प्रश्नांची रांग लागली. एकही तिने विचारला नाही. हे सगळं मालिनीला कधीचंच माहीत असणार, एवढं मात्र तिला जेवण होईपर्यंत खुपत राहिलं.