ढाणकीच्या कापसात हरवलेला बटवा

पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याला पावसाळ्यात जावं, असं जो तो सांगतो. मी फेब्रुवारीच्या शेवटी गेले. आदल्या पावसाळ्यात माझी केमो चालू होती, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबण्याइतका धीर माझ्याकडे उरला नव्हता. लहानपणी मामाकडे ढाणकीला आलं की पैनगंगेत डुंबणं ठरलेलं. एकदा पुन्हा त्या पाण्यात बसायचं, एवढंच मनात होतं.

अडचण एकच होती. माझा डावा स्तन काढलेला आहे. नातेवाइकांना आम्ही "गाठ काढली" एवढंच सांगितलं होतं. गाठीबरोबर आणखी काय गेलं, ते घरातल्या भिंतींना आणि आमच्या ह्यांना माहीत. दुकानातली सिलिकॉनची वस्तू परवडेना, म्हणून शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनींना तेवढं विश्वासात घेतलं आणि त्यांनी मांजरपाटाची एक गोल खोळ शिवून दिली. पहिल्यांदा तिच्यात रुई भरली. ती इतकी हलकी की झेंडावंदनाला ऑफिसात हात वर केला आणि ती गळ्याशी येऊन बसली. मग ज्वारी भरली. वजन झकास जमलं, पण पावसाळ्यात सोंडे लागले. शेवटी सरकीसकट कापूस भरला आणि दोन्ही बाजूंचं वजन जुळलं. तरी ती अधूनमधून वर सरकायचीच. तेव्हा ह्यांनी खाकरायचं, असं आमचं ठरलेलं. वर्षभरात हे इतके खाकरले की शेजाऱ्यांनी त्यांना छातीचा फोटो काढायला सांगितलं.

यवतमाळहून सकाळची पुसद गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत सगळ्या बायकाच. तीन तास धरून चाला. दिग्रसच्या पुढे रस्ता बरा आहे, पण मागच्या सीटवर बसू नका. मी बसले आणि प्रत्येक खड्ड्याला पदराखाली हात घालून खोळ जागेवर आणत राहिले. शेजारच्या म्हातारीने न विचारताच मला ओव्याची पुडी दिली. तिला वाटलं छातीत गॅस धरला.

पुसद स्टँडवर तर्री ओतलेले पोहे खा, मात्र पाण्याची बाटली जवळ ठेवा. तिथून उमरखेड, उमरखेडहून ढाणकी. दीड वाजता मी माझ्या मामेबहिणीच्या, पुष्पाताईच्या दारात होते.

दार उघडलं ते अर्धंच. मागे कापूस होता. त्या वर्षी भाव पडलेला, आणि आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून साऱ्या गावाने कापूस घरातच भरून ठेवला होता. पुष्पाताईच्या घरात स्वयंपाकघर आणि देवघर सोडलं तर माणसांना जागा नव्हती. टीव्ही कापसातून डोकं काढून बातम्या सांगत होता. भाऊजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, "या शोभाताई, गादीवर बसा" म्हणून हसत कापसाकडेच हात केला.

ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा असं जेवण झालं. मग पुष्पाताईने कापसाच्या ढिगावर चादर अंथरून मला आडवं व्हायला सांगितलं. उकडत होतं. खोलीत कोणी नाही असं पाहून मी खोळ काढली आणि उशाखाली ठेवली. इतकी गाढ झोप मला वर्षभरात लागली नव्हती.

जाग आली ती भाऊजींच्या आवाजाने. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरून घरूनच कापूस उचलणारा व्यापारी गाडी घेऊन दारात उभा होता. भाव बरा सांगत होता, पण आत्ताच्या आत्ता भरा म्हणाला. मी डोळे चोळत उठून, खोळ उशाखालीच विसरून, तोंड धुवायला गेले. परत येते तर माझी उशी ओट्यावर, आणि निम्मा ढीग चादरींच्या गाठोड्यांत बांधून गाडीत गेलेला. गाडीत काशीबाई नावाची मजूर बाई कापूस तुडवून दाबत होती.

खोळ पांढरी, कापूस पांढरा, खोळीतही कापूसच. मी उरलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून चाचपायला लागले. पुष्पाताईने विचारलं, काय शोधतेस? माझ्या तोंडून निघालं, "माझा बटवा."

ही माझी चूक. वऱ्हाडात पाहुणीचा बटवा हरवला म्हणजे घराची अब्रू गेली. भाऊजींनी भरणं थांबवलं. मी नको नको म्हणत होते, तोवर कापूस भरणाऱ्या चार बाया ढिगात शिरल्या. भाऊजी व्यापाऱ्याला म्हणाले, गाडी पुरी खाली करा. व्यापारी म्हणाला, मला अंधाराच्या आत जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, पोचायचं आहे, खाली करायची असेल तर तुमचा कापूस तुम्हीच ठेवा. भाऊजी पण हट्टी. "ठेवतो," म्हणाले, "घरची पाहुणी मोठी का कापूस?"

तीन महिने ज्याची वाट पाहिली तो सौदा माझ्या थापेपायी मोडत होता. मी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून उभी होते. ऑपरेशनच्या टेबलावर जाताना मी इतकी घाबरले नव्हते.

"भाऊजी, बटवा नाही," मी म्हणाले. "ऑपरेशनात माझी डावी बाजू काढली. तिच्या जागी मी कापसाची खोळ लावते. ती हरवली. जाऊ द्या गाडी."

भाऊजी चपलेकडे पाहायला लागले. व्यापाऱ्याने टोपी काढली आणि मग काढून काय करायचं ते न सुचल्याने पुन्हा घातली. गाडीतून तेवढा काशीबाईचा आवाज आला.

"आता गं माय! मंग खोळ म्हणाव नं, बाई. मी कवाची बटवा पाहून राह्यली." तिने कमरेला खोचलेलं मांजरपाटाचं फडकं काढून दाखवलं. "हे सापडलं होतं मले. पोरायनं चेंडू केला आसन म्हटलं. उसवलं तं आत चांगला कापूस निंघाला, म्हून देल्ला गाडीत टाकून."

म्हणजे माझी डावी बाजू सरकीसकट जिनिंगला चालली होती. आधी मला हसू फुटलं. मग पुष्पाताईला. मग काशीबाई कापसात बसूनच हसायला लागली. हसता हसता मला रडू आलं, आणि तेही कोणी थांबवलं नाही. वजनकाटा झाल्यावर व्यापारी भाऊजींना हळूच म्हणाला, ताईचं वजन तुमच्या कापसात आलं, तेवढं कापून घेऊ का? भाऊजींनी त्याला गाडीकडे ढकललं.

संध्याकाळी पुष्पाताईने खोळ धुऊन वाळत घातली. कोपऱ्यात राहिलेला कापूस दाखवून म्हणाली, "भरून देऊ का?" मी म्हटलं, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी ऑटो सांगून आम्ही दोघीच सहस्रकुंडला गेलो. बिटरगावकडून रस्ता जंगलातला, तासाभराच्या वर लागतो, वाटेत खायला काही मिळत नाही. रोडगे आणि घट्ट वरण बांधून न्या. फेब्रुवारीत धारा बारीक असतात. कुंडाकडे उतरू नका, खडक शेवाळलेले आहेत. वरच्या अंगाला गुडघाभर संथ पाणी आहे, बाया तिथेच बसतात.

मी लुगड्यासकट पाण्यात बसले. ओलं लुगडं कोणाचं काही लपवत नाही. एकीकडे होतं, एकीकडे नव्हतं. पलीकडे कपडे धुणाऱ्या दोघीतिघींनी पाहिलं, आणि त्या पुन्हा कपडे आपटायला लागल्या. वर्षभर मला ज्याची धास्ती होती ते एवढंच होतं.

पुष्पाताई माझी पाठ चोळत होती. चोळता चोळता तिचा हात काखेतून पुढे आला आणि व्रणापाशी थांबला.

"दुखते का, शोभे?"

"नाही. ओढल्यासारखं होतं."

"मले काहून नाही सांगतलं?"

मला लाज वाटत होती, असं मी म्हणाले. लहानपणी ह्याच नदीत तुले परकर नेसवत होती मी, असं पुटपुटत तिने व्रणावरूनसुद्धा खसाखसा हात फिरवला, पाठीवरून फिरवला होता तसाच. त्या जागेला डॉक्टर सोडून दुसऱ्या कोणाचा हात तेव्हा पहिल्यांदा लागला. मी स्वतःसुद्धा ती जागा साबणाच्या वडीनेच धूत असे. आता मी हात लावून पाहिला. माझीच कातडी होती, पाण्याने गार झालेली.

परतीला यवतमाळ स्टँडवर हे स्कूटर घेऊन आले होते. मी उतरताच ह्यांनी सवयीने खाकरलं. मग नीट पाहिलं आणि खाकरणं अर्ध्यात गिळलं.

"वर नाही गेली," मी म्हटलं. "जिनिंगला गेली."

घरी पोचेपर्यंत सगळी हकीकत सांगून झाली. सिग्नलला हे इतके हसले की स्कूटर बंद पडली.

ऑफिसात आता मी कधी नवी खोळ लावते, कधी नाही. ज्या दिवशी नसते त्या दिवशी दोन तास लोक बघतात, मग चहा येतो. खर्चाचं विचाराल तर येण्याजाण्यात आणि ऑटोत हजार-बाराशेच्या वर गेले नाहीत. जुनी खोळ मात्र मी पुन्हा भरली नाही. वहिनींकडून तिच्या तोंडाला नाडी ओवून घेतली. एसटीला लागणारे सुट्टे पैसे मी आता तिच्यात ठेवते, आणि पुष्पाताईचा फोन आला की ती पहिल्यांदा बटवा जागेवर आहे ना, ते विचारते.