आवाज आधी, चित्र नंतर

कोथरूडमधल्या एका इमारतीच्या तळघरात आमचं ऑफिस आहे. इमारतींची ड्रॉइंग करायची आणि बाहेरगावच्या बिल्डरांना इंटरनेटवरून पाठवायची, हा धंदा. ऑफिसचं इंटरनेट सांभाळणं हे माझं काम. कोणाकडे किती डेटा येतो-जातो ते माझ्या स्क्रीनवर रेघांनी दिसतं. काय बघतायत ते दिसत नाही, किती ते दिसतं. पण क्रिकेटची मॅच असली की अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही.

अशाच एका मॅचच्या दिवशी एक महत्त्वाचं ड्रॉइंग दुपारभर अडकून पडलं. बिल्डरने साहेबांना फोनवर सुनावलं, साहेबांनी मला.

"अहो मॅडम, आपण ऑफिस चालवतो की थिएटर? उद्यापासून व्हिडिओ बंद. सगळ्यांचा."

मला मनातून बरंच वाटलं. मी हेच कधीपासून सांगत होते आणि कोणी भीक घालत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मी व्हिडिओ बंद केला. ऑफिसभर सुतकी चेहरे, मी एकटी खुशीत.

जेवणाच्या सुट्टीत आमचा एक ड्राफ्ट्समन फोन घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. तिशीतला, कामाला चोख, जन्मापासून ऐकू न येणारा. त्याची बायकोही तशीच. खडकीला भाड्याच्या घरात राहतात. बायकोला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलेलं. शेजाऱ्यांना खुणांची भाषा येत नाही. त्यामुळे हा सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत तिचं कोणाशी बोलणं होई ते जेवणाच्या सुट्टीतल्या एका व्हिडिओ कॉलवर. तळघरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून कॉल ऑफिसच्याच वायफायवर. वर रस्त्यावर जाऊन भागत नाही, कारण एका हातात फोन धरला की बोलायला एकच हात उरतो. तो टेबलावर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून बसायचा आणि दोन्ही हातांनी बोलायचा.

"मेसेज कर ना," मी कागदावर लिहून दिलं.

त्याने फोनवर टाइप करून दाखवलं: "जेवताना तुम्ही घरी एकमेकांना चिठ्ठ्या लिहिता का?"

चढेलच आहे, असं वाटलं मला. पण डबा अर्धाच टाकून मी उठले.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "फोन कुठे बंद केलाय आपण? आवाज चालू आहे ना? बोलू दे की त्याला." म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "बघा काहीतरी. पण ड्रॉइंग अडकता कामा नये."

मी बघितलं. व्हिडिओ पुन्हा सगळ्यांना सुरू केला, पण व्हिडिओच्या वाट्याला लाइनचा छोटासा तुकडा ठेवला. वर नियम घातला की गर्दी झाली तर आवाज आधी, चित्र नंतर. हा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. चित्र थिजलं तरी बोलणं ऐकू येतं, कोणाचं अडत नाही. सगळे खूश झाले आणि मीही माझी पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्याने मला हाताने बोलावलं. फोनवर त्याच्या बायकोचा चेहरा दिसत होता, पण मनगटाच्या पुढे नुसते चौकोन. एक खूण सुरू व्हायची, ती पुरी व्हायच्या आत तिसरीच दिसायची. त्याने टाइप केलं: "तोतरं बोलतेय ती."

मला लाज वाटली. त्यांचा आवाज चित्रात होता आणि मी तो रांगेत सगळ्यात मागे उभा केला होता.

जेवणाच्या सुट्टीपुरतं त्याच्या फोनचं चित्र पहिलं, ड्रॉइंग त्याच्यामागे, असा नवा नियम मी त्याच दिवशी केला. साहेबांना कळलंच.

"आणि ड्रॉइंग?"

"साहेब, त्या वेळी बिल्डरही जेवतच असतो."

"तुम्हाला त्यांच्या जेवणाची चौकशी करायला नेमलेलं नाही," असं म्हणून ते निघून गेले. नियम काढा, असं मात्र म्हणाले नाहीत.

पुढे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी मी डबा खाता खाता बघते तो माझ्या केबिनच्या काचेपलीकडे त्याचे हात फार जोरात चाललेले. भांडण होतं, हे कळायला भाषा यावी लागत नाही. तिला बाळंतपणाला माहेरी, सोलापूरला जायचं होतं. इतका प्रवास नको, असं याचं म्हणणं. हे त्याने नंतर सांगितलं. बोलता बोलता त्याने फोन टेबलावर पालथा घातला आणि डबा उघडला.

माझ्या स्क्रीनवर त्याच्या फोनवरून जाणारी रेघ खाली बसली. पालथ्या फोनच्या अंधारात पाठवण्यासारखं काही नसतं. येणारी रेघ मात्र बसली नाही. समोरचं माणूस स्वस्थ असलं की ती संथ राहते, हालचाल झाली की उड्या मारते. ती उड्या मारत होती. त्याने पोळीचा दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि ती तशीच.

मला त्याचा भयंकर राग आला. नवराबायकोच्या भांडणात आपण पडू नये, हे मला समजतं. तरी मी उठले, त्याच्या टेबलाशी गेले आणि फोन उलटून त्याच्यासमोर धरला.

उशीला टेकून ती बोलतच होती. इतका वेळ तिच्यासमोर नुसता काळोख होता. डोळे ती दंडाला पुसत होती, कारण हात मोकळे नव्हते.