गायरानात वापसा येईपर्यंत

नाटकाला माती हवी होती. खरी, काळी, भेगा पडलेली. एकांकिका मी लिहिलेली, दिग्दर्शन गौरीचं आणि प्रयोग रविवारी संध्याकाळी. नर्सरीवाल्यानं लाल माती दाखवली तेव्हा गौरी त्याच्याकडे अशी बघत राहिली, की त्यानं गपचूप पोतं परत आत नेलं. मग शनिवारी सकाळी तिच्या बाबांची छोटी गाडी, रिकाम्या गोण्या आणि एक खुरपं घेऊन आम्ही दोघी मावळात निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्याहून जुना हायवे धरा, वडगाव मागे टाका आणि कान्हे फाट्याला उजवीकडे वळून टाकव्याचा रस्ता घ्या. सुट्टीची सगळी गर्दी सरळ लोणावळ्याला, भुशी धरणाकडे जाते, त्यामुळे फाट्यानंतर रस्ता आपलाच. वडापाव हायवेलाच बांधून घ्या. आम्ही पाच घेतले. पाचच का, ते विचारू नका. गौरी भुकेली असताना ऑर्डर द्यायला तिला पाठवायचं नसतं.

टाकवे बुद्रुकच्या थोडं पुढे गायरान लागतं. गायरान म्हणजे गावाच्या गुरांना चरायला राखलेली जमीन. दिवाळी होऊन गेलेली, गवत पिवळं पडायला लागलेलं, मागे काळ्या कातळाचा डोंगर. मी गौरीला सांगायला लागले की हाच कातळ, बेसॉल्ट, झिजून आधी मुरूम होतो आणि मग त्याची चिकण काळी माती होऊन खालच्या अंगाला साठते. म्हणजे वर डोंगरालगत मुरमाड, पातळ जमीन आणि खाली खोलगटात काळी, जाड. मी "खोलगटात" म्हणत होते तेव्हाच तिनं गाडी रस्त्यावरून खोलगटात उतरवली.

आदल्या रात्री तिथे अवकाळी सर पडून गेली होती. गाडी जराशी पुढे गेली आणि मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उतरून बघितलं तर चाकं कसली, गुळाच्या चार काळ्या ढेपा. मी दोन पावलं टाकली आणि बुटाखाली माती चिकटून उंच झाले. अजून दोन टाकली, अजून उंच. मग एक बूट मागेच राहिला.

"भुशीला जायचं आसंल तर रस्ता चुकला तुमी," मागून कुणीतरी म्हणालं.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक आबा होते. पुढे त्यांच्या म्हशी, आणि गवताच्या भाऱ्यावर टेकलेली त्यांची बायको. तिला आम्ही लगेच मावशी करून टाकलं.

"भुशीला नाही आबा, आम्ही भेगा बघायला आलोय," गौरी म्हणाली.

आबांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं म्हशींकडे बघितलं.

"व्हत्या की. मनगाट जाईल येवढ्या व्हत्या," आबा म्हणाले. "पन काल सर पडली. माती फुगली, बुजल्या समद्या."

म्हणजे ज्यासाठी आलो ते रात्रीत बंद झालं होतं, आणि गाडी मात्र जागची हलत नव्हती. माती नाही तर नेपथ्य नाही, आणि गौरी इथेच राहिली तर प्रयोगच नाही. तिनं ट्रॅक्टरचं विचारलं.

"ट्रॅक्टर हाय की. पन त्यो बी रुतंल. वापसा आल्याबिगर कोन हितं घालायचा न्हाई."

"कधी येईल?"

"ऊन हाय, वारं बी हाय. यील दुपारपातूर."

"दुपारी कसला येतोय," मावशी म्हणाली. "सांजच्याला यील. न्हाईतर उद्याच्याला."

"उद्या नको," गौरी घाबरून म्हणाली. "येणार कुठून?"

"आदी वरच्या अंगाला यील, मग हितं."

आम्ही दोघींनी वर बघितलं. डोंगराखाली चार-पाच घरं दिसत होती.

"त्यांना फोन करता येईल का?"

"ट्रॅक्टरवाल्याला? करून काय उपेग? वापसा न्हाई म्हनल्यावं त्यो हलायचाच न्हाई."

आम्ही बाजूला जाऊन यावर चर्चा केली. ज्याच्या परवानगीशिवाय ट्रॅक्टर हलत नाही असा माणूस. वरच्या वाडीत राहणारा. येण्याची वेळ ठरलेली नाही. गौरीचं म्हणणं, राजकारणातला असणार. मी म्हटलं, आडनाव आहे की टोपणनाव, तेवढं कळलं असतं तर हाक मारायला बरं पडलं असतं.

मग वाट बघणं. गायरानात तुम्हालाही वेळ मिळाला तर खाली बघा. जुन्या पावसातले म्हशींच्या खुरांचे ठसे विटेसारखे भाजून निघालेले असतात. कुंपणाचे खांब निरनिराळ्या दिशांना झुकलेले असतात, कारण खालची माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि त्यांना सरळ उभं राहू देत नाही. मोजे घालून जाऊ नका. कुसळं शिरतात आणि घरापर्यंत येतात. पलीकडे झुडपापाशी एक मोपेडही तिरकी रुतलेली होती.

"ती कुणाची?" मी विचारलं.

आबा म्हशीला हाकलायला गेले. म्हैस कुठेच चालली नव्हती.

"ह्यांचीच," मावशी म्हणाली. "सकाळधरनं सांगत व्हते, खालनं घालू नगा. ऐकत्यात कुटं."

"शॉर्टकट व्हता त्यो," आबा लांबून म्हणाले.

दुपार झाली. मावशीनं भाकरी आणि ठेचा काढला, आम्ही वडापाव काढले. एकेक वाटून झाला, पाचवा उरला. मी हात घातला तर गौरीनं माझ्या हातावर मारलं.

"तो राहू दे. वापसाभाऊंना होईल."

आबांचा घास हातातच राहिला.

"कुनाला?"

"वापसाभाऊंना. उपाशी आले तर बरं नाही दिसणार. काम आपलं आहे."

मावशीनं पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. ती हसत हसत भाऱ्यावरून घसरली. आबांनी मात्र गंभीरपणे मातीचा गोळा उचलून गौरीच्या हातावर ठेवला. "दाब." तिनं दाबला. सगळा पंजाला चिकटला.

"ह्यो वल्ला. लय वाळला की दगूड. मदी येक येळ येती, हाताला चिकटत न्हाई आन् फुटाया बी जड जात न्हाई. त्यो वापसा. ह्या काळीत लई थोडा येळ ऱ्हातो."

गौरी हाताकडे बघत राहिली. आबांनी पाचवा वडापाव घेतला. "ह्यो मी खातो. त्याच्या वतीनं."

वापसा संध्याकाळी आला. मावशी म्हणाली होती तसा, आणि हे तिनं आबांना पुन्हा पुन्हा सांगितलं. आधी मोपेड निघाली, मग चाकांखाली दगड आणि गवत घालून, चौघांनी मिळून, ट्रॅक्टरशिवायच, गाडी. गायरानातली माती आबांनी घेऊ दिली नाही, ती गावाची. त्यांच्या बांधावरची भरून दिली. गौरीनं आबांचा नंबर घेतला आणि त्या दोघांना प्रयोगाला बोलावलं.

भेगा काही एका दिवसात पडणार नव्हत्या, निदान कुणाचे पाय रुतू नयेत म्हणून रविवारी सकाळपासून ती रंगमंचावर पसरलेली माती मुठीत दाबत फिरत होती. पाणी घाल, पंखा लाव, पुन्हा दाब. दर थोड्या वेळानं मी विंगेतून विचारायचे, "वापसा आला का?" आणि ती ओरडायची, "अजून नाही." प्रकाशयोजना करणारा निखिल हे सगळं ऐकत होता. संध्याकाळी पहिल्या रांगेत मधोमध एका खुर्चीवर कागद चिकटवलेला दिसला: राखीव, श्री. वापसा.

"तुम्ही सकाळपासून वाट बघताय," निखिल म्हणाला. "म्हटलं, प्रमुख पाहुणे असतील."

कागद काढायला गौरी धावली, पण उशीर झाला होता. धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकून आबा त्या खुर्चीत बसले होते. शेजारी मावशी.

प्रयोग झाला. कुणी घसरलं नाही, कुणाची चप्पल रुतली नाही, धूळ उडाली नाही. नंतर मी आबांना विचारलं, कसं वाटलं.

"नाटाक काय कळलं न्हाई," ते म्हणाले. "पन वापसा बरूबर व्हता."

मोज्यातली कुसळं अजून निघतायत. गाडी धुणाऱ्यानं दुसऱ्यांदा यायचं नाही असं सांगितलंय. आणि दोन दिवसांनी माती उचलायला गेलो तेव्हा रिकाम्या रंगमंचावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गौरी तिथेच मातीत बसली. मी आबांना फोन लावला.

"आबा, भेगा आल्या. प्रयोग झाल्यावर."

पलीकडे त्यांनी मावशीला काहीतरी सांगितलं आणि तिचं हसणं ऐकू आलं.

"मंग गायरानच झालं की. आता म्हशी सोडा," आबा म्हणाले.