टाकीएवढाच वाढतो म्हणे

अकोल्याच्या कोर्टात मी वीस वर्षं वकिली करते. फसवणुकीचे दावे हे माझं रोजचं काम. तरी एका मासे विकणाऱ्याने मला सरळ बनवलं आणि मी त्याच्याकडून साधी पावतीसुद्धा घेतली नव्हती. आठवलं की अजून डोकं तापतं.

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी तेल्हाऱ्याची शेती मक्त्याने दिली आणि ते आमच्याकडे राहायला आले. जन्मभर वावरात राबलेला माणूस, इथे फ्लॅटमध्ये दिवसदिवस गप्प बसून राहायचे. बीपी वाढलेलं. मासे पाहून मन शांत होतं असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, म्हणून मी जुन्या शहरातल्या एका दुकानातून काचेची टाकी आणि सहा गोल्डफिश आणले. सातवा मासा दुकानदारानेच पुढे केला. चार बोटांएवढा, काळी पाठ, पांढरं पोट, तांबडी शेपूट आणि मांजरासारख्या लांब मिशा.

"हा किती मोठा होतो?" मी विचारलं.

"टाकीयेवढाच वाढते, ताई. टाकी लहान, तर मासा लहान."

आठवडाभरात सहाही गोल्डफिश त्याच्या पोटात गेले. मी चिडले, पण सासरे कितीतरी दिवसांनी हसले. "भूक लागली असन त्याले. त्याचा काय दोष?" आमच्या घरात मासळी शिजत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः बाजारात जाऊन झिंगे आणायला लागले. मासा वर येऊन त्यांच्या बोटांतून घास घ्यायचा. ते त्याच्याशी पिकाचं, पावसाचं बोलायचे. त्यांचं बीपीही उतरलं, हे खोटं कशाला सांगू?

मासा मात्र टाकीएवढा वाढून थांबला नाही. दोन वर्षांत तो अडीच फुटांचा झाला. सोफा काढून आम्ही हॉलमध्ये पाच फुटी टाकी बसवली. आमच्याकडे नळ येणार चार-पाच दिवसांनी एकदा, आणि त्याचं अर्धं पाणी दर आठवड्याला बदलायचं. आम्ही आंघोळीला अर्धी बादली घ्यायचो. येणारे-जाणारे मात्र "काय तब्येत आहे!" म्हणत त्याच्यासोबत फोटो काढायचे.

एका सकाळी सासऱ्यांनी मला हाक मारली. "बाई, इकडे ये. हा वळूनच नाई राहिला."

मी वाकून पाहिलं. मासा धनुष्यासारखा वाकून वळू पाहत होता. शेपूट मागच्या काचेला अडकत होती. घासून घासून नाकावरची कातडी सोलली होती. या जिवाला आपण वळताही येणार नाही अशा कोठडीत टाकलं, या विचाराने मला शरम वाटली. आणि मग भयंकर राग आला.

तशीच दुकानात गेले. "तुमचा मासा परत घ्या. तुम्ही खोटं सांगून विकलात."

"एवढा मोठा कोण घेते, ताई?" तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "मोर्णा नदीत सोडून द्या. पुण्य लागते. सारेच सोडून राहिले."

त्याच्यामागच्या टाकीत तीच चार बोटांची, तांबड्या शेपटीची पिल्लं फिरत होती. पावती नव्हतीच, मी तशीच परत फिरले. कोर्टात असं कधी होत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, नदीतच सोडायचा तर कौंडण्यपूरला वर्धेत सोडा, तीर्थाचं ठिकाण आहे. सासरे त्यांच्यावर एकदम उखडले. "आपला बैल आपण दुसऱ्याच्या वावरात सोडतो काय? तिथले सारे मासे खाऊन टाकीन हा!"

शेवटी ओळखीतून अमरावतीच्या, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचा नंबर मिळाला. त्यांच्या अंगणात मोठा सिमेंटचा हौद होता. फोनवर त्या आधी मलाच रागावल्या. हा मासा आपल्याकडचा नाहीच, चार फुटांपर्यंत जातो, घरात ठेवायचा नसतो, हे सगळं ऐकवून मग "आणा" म्हणाल्या.

पाण्याचा ड्रम, हवेचा पंप, छोटा टेम्पो. मी पुढे बसले. सासऱ्यांनी ऐकलं नाही. ते मागे ड्रमला टेकून, पाण्यात हात घालून अमरावतीपर्यंत बसून आले.

हौदात सोडल्यावर मासा तळाशी दगडासारखा पडून राहिला. सासरे हौदाच्या काठावर वाकून त्याच्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने त्याने शेपूट हलवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ पोहत गेला आणि आरामात वळला. तिथे त्याच्यासारखेच आणखी तीन होते, तिघेही कुणाकुणाच्या हॉलमधून आलेले. "आता पाचवा मी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "जागाच नाही."

सासऱ्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "मले वाटलं, मी त्याले जपून राहिलो," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानात गेले. एक तरुण जोडपं तोच मासा पिशवीत भरून घेत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं: अडीच फूट, सोललेलं नाक, सगळं. दुकानदार ओरडला, "ताई, धंद्याच्या टायमाले काहून येता?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते.

"खरंच एवढा मोठा होतो?" तिने विचारलं. "किती दिवसांत?"