मुशीचं तेल प्यालेला रॅक

मंडळी, आज आमच्या मुरबे गावच्या घरी बोईसरहून फिटर आला. नव्या कपाटासाठी जुना रॅक काढायचा होता.

भोकांच्या लोखंडी पट्ट्या नटबोल्टने जोडून केलेला हा स्वस्तातला रॅक बाबांनी नव्वदच्या सुमारास आणलेला. खाऱ्या हवेत पाच वर्षं टिकला तरी खूप, असं दुकानदारच म्हणाला होता.

बोल्ट गंजून जाम झाले असणार म्हणून फिटरने कटर काढला. आई म्हणाली, "कटरच्या आदी पाना लावून बघ." सगळे बोल्ट आरामात सुटले.

दरवर्षी होडीला मुशी माशाचं तेल लावलं की उरलेलं आई रॅकला चोळायची. वासावरून मी भांडायचे. आज त्याच तेलाने माझी मान ताठ केली.

फिटर म्हणाला, "मावशी, नव्या कपाटाची एवढी गॅरंटी मी नाय देणार."

"मंग हाच परत जोड."

नवं कोरं कपाट दारातल्या ओट्यावर पडलंय. कुणाला हवंय का?