नरसूबाईची बादली

नरसूबाईच्या पोटात गोष्ट राहत नसे. भाकरी राहायची, चहा राहायचा. गोष्ट मात्र गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत बोळभर झालेली असायची. "कुणाला सांगू नका हं," असं कुणी म्हटलं की ती चक्क चिडायची. "सांगायचं न्हवतं तर मला कशाला सांगितलीस? मी काय तिजोरी हाय?"

सोलापुरात आमच्या बोळात ती समोरच्या घरात राहायची. घरची बोली तेलुगू, पण बोळात सोलापुरी मराठी, आणि ती अशी दणदणीत की चार घरं सोडून ऐकू यावी. तिच्या उंबऱ्याशी सकाळपासून मांडीवर सुपं घेऊन बायका विड्या वळत बसायच्या. विडीचं पान रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावं लागतं, नाहीतर वळताना फाटतं. त्यामुळे तिच्या दारात कायम पानाची बादली असायची आणि दोरीवर ओलं गोणपाट. हात मात्र असे सुबक की कारखान्यातून तिची विडी कधी परत यायची नाही. "माझी विडी बघ, नवरीसारखी हाय," असं स्वतःच म्हणायची. दुसऱ्यानं म्हणायची वाट कोण बघणार?

तिचा थोरला मुलगा राजू दहा वर्षांचा होईपर्यंत अंथरुणात मुतायचा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. बोळात सांगितलं ते सांगितलं, त्याच्या लग्नात मांडवात बसून नवरीच्या मावशांनाही सांगितलं. राजू बिचारा मुंडावळ्यांआड लालेलाल. आम्ही पोरं पोट धरधरून हसलो. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मी, कारण मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि रोज अंथरूण ओलं करत होते.

आमच्या घरी ही गोष्ट आईनं चोरीच्या मालासारखी लपवली होती. तिळाचे लाडू झाले, अंगारा झाला, दिवेलागणीनंतर पाणी बंद झालं. आजोळहून कुणीतरी "उलथन्याचा चटका द्या, जागेवर येईल" असाही निरोप धाडला होता. ओली चादर आई बाहेर कधी टाकायची नाही. ती स्वयंपाकघरात चुलीवरच्या दोरीवर वाळायची, आणि आमच्या पोळीला सदा तिचा वास. शाळेतल्या निम्म्या पोरी आमच्याच बोळातल्या. त्यांना कळलं असतं तर मी शाळेत पाऊल टाकलं नसतं, हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी आई बाळंतपणाला मोहोळला गेली. माझी शाळा बुडायला नको म्हणून मी इथंच राहिले. वडिलांची रातपाळी. रात्री निजायला कुठं पाठवायचं? तर समोर, नरसूबाईकडे! निघताना आई माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "संध्याकाळनंतर पाण्याला शिवू नकोस गं बाई." तिचाही जीव टांगणीलाच होता.

पहिल्याच सकाळी व्हायचं ते झालं. मी ओल्यावरच बसून राहिले. उठले की दिसणार, म्हणून उठायचंच नाही, असा माझा शहाणपणा. बाहेर बायकांचा आवाज यायला लागला. नरसूबाई आत आली, माझ्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं.

"ऊठ की. काय बघलालीस?"

मी मुसमुसायला लागले.

"रडलालीस कशाला? पोर झोपलं, मूत जागं हाय. त्यात पोराचा काय गुन्हा?"

तिनं चादर उचलली, पिळली आणि भर चौकात जाहिरात लावावी तशी बाहेरच्या दोरीवर टाकली. मी दाराआड डोळे मिटून उभी. संपलं सगळं, असं वाटलं.

"काय ओ नरसूबाई, चादर कुणाची भिजली?" कुणीतरी विचारलंच.

"काय सांगू बाई!" नरसूबाईनं कपाळावर हात मारला. "पानाची बादली लवंडली की माझ्या हातनं. झोपलेल्या पोरीवर सगळं पाणी. अय्यो, डोळं फुटलं का काय माझं!"

मी दाराआतल्या बादलीकडे बघितलं. ती काठोकाठ भरलेली होती. घाईघाईनं आत येऊन तिनं पायानं ती कलंडवली.

आई परत येईपर्यंत नरसूबाईची बादली जवळजवळ रोज लवंडली. मग ती माझ्या अंथरुणाखाली जुनं गोणपाट घालायला लागली आणि सकाळी पानाच्या गोणपाटाशेजारीच ते वाळत टाकायची. कुठलं कशाचं, कुणाला कळणार? बायका तिला हसायच्या. "हात कापायला लागले वाटतं म्हातारीचे!" ज्या हातांचा तिला एवढा तोरा, त्या हातांना लोकांनी नावं ठेवली आणि ती मुकाट ऐकून घ्यायची.

तरी माझी भीती जाईना. एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, राजूदादाचं सगळ्यांना सांगितलंत. माझंपण सांगणार?"

तिनं सूप खाली ठेवलं. "राजू माझा हाय. त्याचं मी सांगीन, न्हायतर बोंबलीन. तुझं तुझं हाय. तुला वाटंल तवा तू सांग."

आई तान्ह्याला घेऊन आली आणि दारातच हळूच विचारलं, "काही... झालं का हो?" नरसूबाई म्हणाली, "काय व्हायचंय? पोर सोन्यावानी झोपती. माझीच बादली लवंडती मेली." आईनं दोरीवरचं गोणपाट बघितलं आणि तिचा हात धरला. त्या दिवसापासून आमची चादर चुलीवरून बाहेर उन्हात आली. पुढच्या वर्षी कधीतरी माझं ते आपोआप थांबलं. ना लाडवानं, ना अंगाऱ्यानं.

नरसूबाई गेली तेव्हा मी लग्न होऊन, दोन मुलांची आई होऊन भेटायला गेले. उंबऱ्याशी त्याच बायका, सुपांशिवाय. रडून झालं आणि मग जिनं तिनं आपलं गाऱ्हाणं काढलं. "माझं सासूशी भांडण सांगितलं," एक म्हणाली. "माझ्या पोरीची सोयरीक मोडली ते सांगितलं," दुसरी म्हणाली. एकीचंही गुपित म्हणून शिल्लक नव्हतं.

"तुझं काय गं सांगितलं होतं?" एकीनं मला विचारलं. "तू हितं झोपायचीस न्हवं? तवा रोज बादली लवंडायची तिची. हात लई कापायचे."

"हात नव्हते कापत," मी म्हणाले. "बादली ती मुद्दाम लवंडवायची. मी अंथरुणात मुतायची."

भिंतीला टेकलेला राजू, आता केस पांढरे झालेला, माझ्याकडे बघतच राहिला.

"व्हय?" तो म्हणाला. "म्हंजे माझंच तेवढं मांडवात सांगितली व्हय म्हातारी!"

आणि तो हसायला लागला. हसता हसताच, आई गेल्यापासून पहिल्यांदा, रडला, असं त्याची बायको मला नंतर म्हणाली.