कोपऱ्यातल्या खोलीतला समुद्र

समुद्रकाठच्या या जुन्या गावात येऊन आज तिसरा दिवस. आम्ही उतरलोय तो बंगला साहेबलोकांच्या राजवटीतला. आता त्याचं हॉटेल झालंय. हातभर जाड भिंती, खिडक्या छातीपासून वर सुरू होणाऱ्या आणि त्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा. आमची झडप सकाळी अडकून बसली. यांनी जोर लावून पाहिला, ती ढिम्म हलेना. तुमच्यासारखीच आहे, एकदा ठरवलं की ठरवलं, असं मी म्हटलं, तेव्हा कुठे यांनी मॅनेजरला कळवलं.

सुतारमामा आले ते बाहेरून, शिडीवर. साठी उलटलेली, भुवयांवर भुसा. तेहतीस वर्षं या झडपा तेच सांभाळतायत, पण सगळं बाहेरूनच. कारागिराने खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा साहेबांच्या वेळचा नियम. साहेब गेले, नियम राहिला. पुढच्या महिन्यात इथे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसणार, म्हणजे मामांचं कामही संपलं.

झडप सुटल्यावर मी खिडकीतूनच पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिता पिता ते सांगू लागले. त्यांची आई याच खोल्या झाडायची, पुसायची. घरी आली की पोरांना सांगायची, कोपऱ्यातल्या खोलीतून समुद्र असा दिसतो, जसा काही खिडकीला टेकून आत डोकावतोय. कोपऱ्यातली खोली म्हणजे आमचीच.

मी म्हटलं, शिडीवरून तर अख्खा समुद्र दिसतो की तुम्हाला.

"समुद्र रोजच दिसतो, ताई. आईला दिसायचा तसा बघायचाय. एकदा आत येऊ का?"

मॅनेजर काय म्हणेल, हे यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दारात आलेल्याला परत पाठवणं माझ्या देवाला चालत नाही. मी कडी काढली.

मामा चपला जिन्याखाली ठेवून आले. खिडकीकडे गेलेच नाहीत. आधी फरशीवर उकिडवे बसले, फडकं धरल्यासारखा हात फिरवला आणि मान वर केली. चौकटीत नुसतं आभाळ. सरकत सरकत दुसऱ्या कोपऱ्यात गेले. तिथूनही आभाळच. मला वाटलं, उगाच बोलावलं. बिचाऱ्यांनी जन्मभर जपलेलं आपण एका घटकेत मोडलं.

मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि खिडकीशी गेले. समुद्र खरंच तिथे टेकला होता.

मामांनी चौकटीवर तळहात टेकला.

"म्हणजे काम टाकून उभी राहायची," ते हळूच म्हणाले. "कामचुकार कुठली. आम्हाला मात्र क्षणभर उसंत द्यायची नाही." आणि बाहीने डोळे पुसले.

यांनी खुर्ची ओढून त्यांच्यामागे ठेवली. मामांनी वळूनही पाहिलं नाही.

"नको, साहेब. बसलं की दिसत नाही."